सिंगापूर ते न्यूयॉर्क : अंतर एकच, मग वाटा दोन का?

मृण्मयी_क
नमस्कार मंडळी. आईला घेऊन सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायचं आहे. आईचं वय सत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात, बाकी तब्येत ठणठणीत. समोर दोन पर्याय आहेत, एक सलग जाणारं विमान आणि एक फ्रँकफर्टला थांबून जाणारं.

पण ते ठरवायच्या आधी एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. नेटवर कुठेही बघा, अंतर साधारण १५,३५० किलोमीटर दिसतं. विमान ताशी ९०० च्या आसपास जातं म्हणतात, म्हणजे साधा भागाकार केला तर सतरा तास. वेळापत्रकात मात्र साडेअठरा-पावणेएकोणीस तास! म्हणून विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर जुनी उड्डाणं उघडून बघितली, तर जाताना विमान जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडून गेलेलं आणि परतताना अटलांटिक ओलांडून युरोपवरून आलेलं. दोन्ही शहरं जागच्या जागी आहेत, मग वाटा दोन का? आणि खरं अंतर कुठलं धरायचं?

जाणकारांनी सांगा. आणि वयस्कर माणसांना घेऊन इतका लांबचा प्रवास ज्यांनी केलाय त्यांनी सलग की थांबा घेऊन, तेही सांगा.

टवाळ
वाटा दोन कारण पायलटलाही तेच तेच बघून कंटाळा येत असेल :)
धागा मस्त, जागा पकडून बसलोय.

भूगोलप्रेमी
मृण्मयी, तुम्ही नकळत जगातली सगळ्यात मजेशीर जोडी निवडली आहे. रेखांश बघा. सिंगापूर १०४ अंश पूर्व, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम. बेरीज १७८. म्हणजे दोन शहरं पृथ्वीच्या जवळजवळ बरोब्बर विरुद्ध रेखांशांवर आहेत आणि त्यामुळे त्यांच्यातली सगळ्यात जवळची वाट ना पूर्वेला ना पश्चिमेला, ती सरळ उत्तरेला जाते, उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून, आणि पलीकडे उतरते.

कागदावर करून बघा. सिंगापूरपासून ध्रुव साधारण ८८.६ अंश लांब, न्यूयॉर्कपासून ४९.४ अंश. मिळून १३८. एका अंशाला १११ किलोमीटरपेक्षा किंचित जास्त. गुणाकार केला की तुमचे १५,३५० आले. कुठल्याही साइटची गरज नाही.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा, आईंनाही दाखवा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे कधीच दिसणार नाही.

रानवारा
भूगोलप्रेमी, क्या बात है! हे माहीतच नव्हतं. मी आत्ता लेकाचा गोल काढून दोरा लावला, खरंच ध्रुवावरून जातो. लेक विचारतोय मग विमान तिथून का जात नाही.

अनिकेत०७
सोपं आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, त्यामुळे पूर्वेला जाताना आणि पश्चिमेला जाताना वेळ वेगळा लागतो. विमान वर गेल्यावर खालची जमीन सरकत राहते.

सुनीत_द
अनिकेत, असं असतं तर हेलिकॉप्टर एका जागी तासभर तरंगत ठेवलं की खालचा देश बदलला असता. विषुववृत्तावर जमीन ताशी १६०० किलोमीटरच्या वर वेगाने फिरते. पण हवाही तिच्याबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेतून चालतं. नदीत होडी वल्हवताना पाणीच तुम्हाला घेऊन जातं तसं. वल्हवण्याचा जोर तोच, प्रवाहाबरोबर गेलात तर काठ झरझर मागे पडतो, उलट गेलात तर हात दुखून येतात.

अनिकेत०७
मग तो प्रवाह पूर्वेलाच का वाहतो? कारण पृथ्वी फिरते! म्हणजे मूळ कारण तेच झालं की.

सुनीत_द
हो, इतपत मान्य. विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवांकडे सरकते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, आणि साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर तिचे जोरदार झोत तयार होतात, तेच जेट स्ट्रीम. विमानंही नेमकी त्याच उंचीवर असतात. हिवाळ्यात उत्तर आणि दक्षिणेच्या तापमानातला फरक वाढतो म्हणून झोत आणखी जोरात. पण जमीन खालून सरकते हे मात्र नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या काळात न्यूयॉर्कहून लंडनला एक साधं प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १३०० किलोमीटरच्या वर गेला होता, म्हणजे आवाजापेक्षा जास्त, पण आजूबाजूच्या हवेच्या हिशेबाने ते नेहमीच्याच वेगात होतं.

टवाळ
म्हणजे पायलट म्हणत असेल, मी काही घाई केली नाही, मला ढकललं!

ताराराणी_७१
इथे एक हिशेब टाकते, मुलांना शिकवताना नेहमी देते आणि दर वेळी वर्गात वाद होतो. अंतर ९००० किलोमीटर, वेग ९००. वारा नसेल तर जायला १० तास, यायला १० तास. आता वारा ताशी १०० धरा. जाताना वाऱ्याबरोबर १००० चा वेग, ९ तास. येताना ८०० चा, ११ तास १५ मिनिटं. एकूण २० तास १५ मिनिटं. जाताना वाचलेलं येताना फिटत नाही, पंधरा मिनिटं वर जातातच. कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून असता. "जाताना कमावलं ते येताना गेलं, हिशोब सरळ" असं म्हणणाऱ्यांना हे सोडवायला द्या.

डिस्पॅचवाला
इतक्या वेळ वाचतोय, आता लिहितो. मी हेच काम करतो, लांब पल्ल्याच्या उड्डाणांचे फ्लाइट प्लॅन बनवणं. कुठल्या कंपनीत ते राहू द्या.

मृण्मयीताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर ताराराणींच्या हिशेबातच आहे. उलट्या वाऱ्याचा तोटा टाळायचा एकच उपाय, उलट्या वाऱ्यात जायचंच नाही. बहुतेक शहरांच्या बाबतीत ते शक्य नसतं, जिकडून गेलात तिकडूनच परत यावं लागतं. पण भूगोलप्रेमींनी सांगितलं तसं ही दोन शहरं समोरासमोर आहेत. पॅसिफिकवरून गेलात काय, अटलांटिकवरून गेलात काय, अंतरात फार फरक नाही. म्हणून जाताना पूर्वेला जायचं पॅसिफिकवरून आणि परतताना पुन्हा पूर्वेलाच जायचं अटलांटिक आणि युरोपवरून. दोन्ही वेळा वारा पाठीशी. दर वेळी असंच होतं असं नाही, वारे बघून त्या त्या दिवशी ठरतं, पण तुम्हाला जे दिसलं त्याचं कारण हे.

आता रानवारांच्या लेकाचं उत्तर. ध्रुवावरून १५,३५० किलोमीटर, पण तिथे असा पाठीचा वारा सहसा मिळत नाही. ९०० ने भागा, १७ तास ३ मिनिटं. समजा पॅसिफिकवरून वाट १६,६०० पडली आणि सरासरी १०० चा टेलविंड, म्हणजे पाठीचा वारा, मिळाला. १६,६०० भागिले १०००, म्हणजे १६ तास ३६ मिनिटं. साडेबाराशे किलोमीटर जास्त जाऊनही जवळजवळ अर्धा तास आधी. आकडे समजायला सोपे घेतलेत, खरं गणित कॉम्प्युटर शेकडो बिंदूंवरचे वारे घेऊन करतो, पण तत्त्व हेच.

म्हणून आमच्याकडे "अंतर किती" हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. किती इंधन आणि किती मिनिटं, एवढंच.

रानवारा
लेकाला वाचून दाखवलं. तो म्हणतो म्हणजे दोन वेळा पूर्वेलाच गेलं की पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण! बरोबर आहे का?

डिस्पॅचवाला
शंभर टक्के बरोबर. त्याला सांगा, मोठेपणी आमच्या खात्यात ये.

टवाळ
म्हणजे सतत पूर्वेलाच जात राहिलं तर परतीच्या तिकिटाची गरजच नाही, घर आपोआप पुढ्यात येतं.

भूगोलप्रेमी
टवाळ, हसू नका, यात एक खरी गंमत आहे. असा पूर्वेकडून पूर्ण फेरा मारून आलेल्या माणसाने घरी राहिलेल्यांपेक्षा एक सूर्योदय जास्त अनुभवलेला असतो. उलट दिशेने गेला तर एक कमी. मॅगेलनच्या मोहिमेतलं एकच जहाज फेरी पूर्ण करून परतलं, १५२२ साली. येताना ते केप व्हर्द बेटांवर थांबलं तर जहाजावरच्या नोंदींप्रमाणे बुधवार आणि बेटावरच्या लोकांचा गुरुवार. रोज नेमाने नोंद ठेवणारा पिगाफेट्टा चक्रावून गेला. ते पश्चिमेकडून फिरून आले होते, त्यामुळे रोज थोडं थोडं करून एक अख्खा दिवस निसटला होता.

शलाका
अवांतर पण फार आवडलं हे.

मृण्मयी_क
किती सुंदर माहिती! डिस्पॅचवाला, मनापासून आभार. पण मग तुमच्या हिशेबाने साडेसोळा तास येतात आणि वेळापत्रकात दोन तास जास्त कसे?

डिस्पॅचवाला
१०० चा टेलविंड अख्ख्या वाटेवर कुणी हातात देत नाही, तो उदाहरणापुरता. सिंगापूर विषुववृत्ताला खेटून आहे, तिथून उत्तरेला बरंच वर जाईपर्यंत जेट स्ट्रीम भेटतच नाही. शिवाय वेळापत्रकातला वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. विमान गेटवरून हललं तिथपासून ते दुसऱ्या गेटला लागेपर्यंत. त्यात टॅक्सी (गेट ते धावपट्टी जमिनीवरून सावकाश जाणं) आली, धावपट्टीच्या रांगेत उभं राहणं आलं, चढणं-उतरणं आलं (तेव्हा वेग ९०० नसतो), उतरताना आधीच्या विमानांमागे घिरट्या आल्या. न्यूयॉर्कसारख्या गजबजलेल्या ठिकाणी संध्याकाळी जमिनीवरच किती वेळ जाईल याचा नेम नाही. त्यावर थोडा वेळ राखीव ठेवतात, वर्षभर वेळापत्रक सांभाळायचं असतं ना. म्हणून कधी कधी विमान "लवकर" पोचतं आणि मग गेट रिकामं नाही म्हणून उभं राहतं.

खडूस_काका
यालाच मी फसवणूक म्हणतो. वेळ वाढवून सांगायचा आणि मग "वेळेआधी पोचलो" म्हणून घोषणा करायची.

शलाका
काका, मला उलट तो राखीव वेळ हवासा वाटतो. पुढचं विमान चुकल्यावर रात्रभर विमानतळावर खुर्चीत बसून काढलेली आहे मी, तेव्हा वेळापत्रक इतकं घट्ट आखलेलं होतं की वीस मिनिटांच्या उशिरात सगळं कोलमडलं. त्यापेक्षा अर्धा तास जास्त सांगा आणि तो पाळा.

खडूस_काका
तरीही. खरं काय ते सांगा, आम्ही लहान मुलं नाही.

मितवा_के
अंतर तेच राहून वेळ कसा बदलतो याचं माझ्या डोळ्यांसमोरचं उदाहरण. कामानिमित्त हेलसिंकी-टोकियो जाणं-येणं असतं. अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. पूर्वी सैबेरियावरून सरळ जायचं, साडेनऊ तासांच्या आसपास. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. एकतर ध्रुवाकडून नाहीतर दक्षिणेकडून मोठा वळसा घालून. दोन्ही शहरं तसूभरही हललेली नाहीत, नेटवर अंतर अजूनही तेच दाखवतात, आणि माणूस तीन-साडेतीन तास जास्त बसतो.

खिडकीतून बर्फ बघायला मिळतो हे खरं, पण नंतर दोन दिवस डोकं चालत नाही. माझ्या मते या सगळ्या अंतर काढून देणाऱ्या साइट्सनी ठळक लिहायला हवं की हे गोलावर मोजलेलं अंतर आहे, विमान इतकंच जाईल असं नाही.

भूगोलप्रेमी
मितवा, हे पूर्वीही होतं. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद असायचं म्हणून युरोपातून टोकियोला जाणारी विमानं अलास्कात अँकरेजला इंधन भरायला उतरायची. कोपनहेगन-अँकरेज-टोकियो अशी सेवा १९५७ मध्ये सुरू झाली होती. त्या काळात अँकरेज म्हणजे फार गजबजलेलं ठिकाण होतं.

डिस्पॅचवाला
फक्त बंद आकाशच नाही. तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो टाळतात, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर तातडीने दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे! ध्रुवाकडे गेलं तर इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावं लागतं, जेट ए-१ उणे ४७ ला गोठायला लागतं. शिवाय ज्या देशावरून जाल त्याला ओव्हरफ्लाइटचे पैसे द्या. हे सगळं वजा करून जी वाट उरते ती तुमची वाट.

अनिकेत०७
मग इंधन जरा जास्तच भरून ठेवलं तर कुठलीही वाट घेता येईल की.

डिस्पॅचवाला
इंधनालाही वजन असतं आणि ते वाहून न्यायला इंधन लागतं. इतक्या लांबच्या उड्डाणात सुरुवातीचे कित्येक तास विमान मुख्यतः पुढे लागणारं इंधनच वाहून नेत असतं. याच मार्गावर २००४ ते २०१३ चार इंजिनांचं एअरबस ए३४०-५०० विमान उडायचं, इंधनाचा खर्च झेपेना म्हणून बंद पडलं. २०१८ मध्ये ए३५०-९०० यूएलआर (अल्ट्रा लाँग रेंज, खास लांब पल्ल्याचं) आलं तेव्हा परत सुरू झालं. त्याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर मावतं, नेहमीच्या ए३५०-९०० पेक्षा साधारण २४,००० लिटर जास्त. आणि वजन आवरायला सीट फक्त १६१. बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी, साधी इकॉनॉमी नाहीच. पायलट चार असतात, दोघं दोघं आळीपाळीने झोपतात.

मृण्मयीताई, तिकीट बघताना हे लक्षात घ्या, सलग आणि थांब्याच्या तिकिटात फरक इथूनच येतो.

ताराराणी_७१
सगळे हवेत गेलेत, आईंना जमिनीवर आणूया. मूळ प्रश्न सलग की थांबा घेऊन.

मी वडिलांना घेऊन दोन्ही प्रकारे गेले आहे आणि माझं मत ठाम आहे, गुडघेदुखी असेल तर थांबा हवा. फ्रँकफर्टमार्गे अंतर सुमारे १०,३०० अधिक ६,२००, म्हणजे साडेसोळा हजार, सलगपेक्षा फार नाही. एकूण वेळ मात्र चार-पाच तासांनी वाढतो. पण मध्ये उतरून पाय मोकळे होतात, नीट पाठ ताणता येते, प्रशस्त बाथरूम मिळतं. वडील सलग प्रवासात शेवटच्या काही तासांत फार बेचैन झाले होते, सारखं "अजून किती" विचारत होते, समोरच्या स्क्रीनवरचा आकडा हलतच नाही असं वाटायचं त्यांना.

शलाका
मी अगदी उलट सांगेन. थांबा म्हणजे पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा रांग, मैलभर चालणं, अर्धवट झोपेतून उठून सामान गोळा करणं. माझ्या सासूबाईंना विमानातल्या बसण्याचा त्रास झालाच नाही, झाला तो विमानतळावरच्या चालण्याचा. व्हीलचेअर आधी सांगितली होती तरी ताटकळत बसावं लागलं. सलग विमान आणि प्रीमियमची ऐसपैस सीट परवडत असेल तर एकदाच बसा आणि एकदाच उतरा.

डॉ_मेधा
मी डॉक्टर आहे, पण हे सर्वसाधारण समजा, आईंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायातल्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. धडधाकट माणसात मुळात तो कमी असतो, पण वय, आधीचं ऑपरेशन, आधी झालेली गुठळी या गोष्टी असतील तर गंभीरपणे घ्यायला हवं. दर तासा-दोन तासांनी उठून चालणं, बसल्या जागी घोटे वरखाली हलवणं, पाणी पिणं, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर योग्य मापाचे दाबमोजे. मनाने अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. ए३५० मध्ये केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवतात, जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांवरच्या इतका विरळ असू शकतो, त्यामुळे ए३५० मध्ये थकवा थोडा कमी जाणवतो.

आणि गोळ्या! दोन शहरांत उन्हाळ्यात १२ तासांचा फरक, हिवाळ्यात १३. घड्याळ बघून "सकाळची गोळी" दिली तर एक तर दुहेरी होते नाहीतर चुकते. दोन गोळ्यांमध्ये किती तास जायला हवेत ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तासांवर चाला. गोळ्या हातातल्या पिशवीत, चेक-इन बॅगेत कधीच नाही.

मृण्मयी_क
डॉ. मेधा, गोळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, लिहून घेतलं. बारा तासांचा फरक म्हणजे पोचल्यावर दिवसाची रात्र?

मितवा_के
पूर्ण उलटी. उन्हाळ्यात दुपारी बाराला निघालात तर साडेअठरा तासांनी सिंगापूरला दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा, आणि न्यूयॉर्कला निघालात त्याच तारखेचे संध्याकाळचे साडेसहा. यात एक सोय आहे, पोचल्यावर थोड्या वेळात रात्रच होते. विमानात सुरुवातीला जागं राहून मधले तास झोपलात तर बरं पडतं. शरीर सावरायला साधारण तासाला एक दिवस धरतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात मोठे बेत ठेवू नका.

खडूस_काका
वयस्कर माणूस म्हणून माझं मत. आईंना विचारलं का कुणी? मला मुलं परस्पर ठरवतात तेव्हा राग येतो.

मृण्मयी_क
काका, आज विचारलं. आई म्हणाली, "एकदा बसले की बसले, मध्ये उठवू नका मला." तेव्हा सलगच घेतोय. प्रीमियममधली आइल सीट, उठायला सोपं म्हणून, आणि व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवतेय. ताराराणी, तुमच्या वडिलांचं वाचून एवढं केलं की स्क्रीनवरचा उरलेला वेळ मी तिला बघू देणार नाही, नकाशा दाखवेन.

जायचं डिसेंबरात आहे. शेजारची खिडकी माझी. कुठल्या बाजूची घेऊ?

डिस्पॅचवाला
पॅसिफिकवरून गेलात तर तोंड पूर्वेला, म्हणजे उत्तर डावीकडे. डावी बाजू घ्या. अलास्काच्या जवळून गेलात, रात्र असली आणि नशीब असलं तर उत्तरेचे प्रकाश (ध्रुवाकडच्या आकाशातले रंगीत झोत, ऑरोरा) दिसू शकतात. फक्त वाट त्या दिवसाच्या वाऱ्यावर ठरते, त्यामुळे खात्री देत नाही.

रानवारा
लेकाचा निरोप : वाऱ्याची दिशा तो आदल्या दिवशी बघून सांगेल, तुम्ही फक्त तारीख कळवा.